नोकरी सांभाळून मानसोपचार: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. संध्याकाळचे सव्वासात. कॅश टॅली झाली होती, कॅशियर ताईंची बस सुटायला दहा मिनिटं उरली होती आणि स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्या हातात होती. ती काही केल्या कुलपात जाईना. हात इतका थरथरत होता की ताईंनी माझं मनगट धरलं, तेव्हा कुठे किल्ली फिरली. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री घरी छाती धडधडायला लागली, तळहात ओले झाले. हार्ट अटॅकच आला असं समजून मी गावातल्या दवाखान्यात गेलो. ईसीजी नॉर्मल निघाला. ‘अ‍ॅसिडिटी आहे, तिखट कमी करा’ असं सांगून त्यांनी परत पाठवलं.

तिथून मानसोपचारतज्ज्ञांसमोर जाऊन बसायला मला चार महिने लागले. त्यातला बहुतेक वेळ निव्वळ माहिती नसल्यामुळे गेला. कोणाकडे जायचं, सोबत काय न्यायचं, ऑफिसला कळेल का, सर्व्हिस रेकॉर्डवर शेरा पडेल का, गोळ्यांची सवय लागेल का? हे सगळं मला तेव्हा कोणी क्रमाने सांगितलं असतं तर मी दुसऱ्याच आठवड्यात गेलो असतो. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत अधिकारी आहे, त्यामुळे उदाहरणं बँकेची येतील. तुम्ही आयटीत, कारखान्यात, शाळेत किंवा सरकारी कचेरीत असाल तरी पायऱ्या साधारण याच आहेत. मी डॉक्टर नाही. औषधाचं जे काही ठरवायचं ते तुमचे डॉक्टरच ठरवतील.

आधी एक महत्त्वाची गोष्ट. जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर खालचा क्रम पाळत बसू नका. आत्ताच घरातल्या एकाला सांगा आणि १४४१६ हा नंबर फिरवा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला ती सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६ लावा. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातही थेट जाता येतं.

१. शरीर तपासून घ्या, पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून थांबू नका

छातीत दुखणं, धडधड, चक्कर यांना ‘टेन्शनमुळे होतंय’ म्हणून सोडून देऊ नका. फॅमिली डॉक्टरांना भेटून ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइडची टीएसएच आणि बी-१२ या तपासण्यांची गरज आहे का ते विचारा. थायरॉइडचं हार्मोन वाढलं की धडधड होते, झोप उडते. कमी झालं की अंग जड होतं आणि मन उदास राहतं. बी-१२ कमी असलं तरी थकवा येतो. मानसोपचारतज्ज्ञही बहुधा हेच आधी विचारतात, त्यामुळे ही फेरी वाया जात नाही.

माझी चूक पुढे झाली. रिपोर्ट नॉर्मल आले आणि मी त्याचा अर्थ ‘मला काही झालेलं नाही’ असा घेतला. हृदय ठीक आहे, एवढंच त्या कागदावर लिहिलेलं असतं. त्रास खरा होता, फक्त तो शोधायचा दरवाजा दुसरा होता.

२. दोन आठवडे वही ठेवा

सगळ्यात जास्त उपयोग मला या पायरीचा झाला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. साधी शंभरपानी वही घ्या. फोनमध्ये लिहू नका, कारण फोन हातात घेतला की ऑफिसचा ग्रुप उघडतोच. रोज चारपाच ओळी पुरतात: झोप किती वाजता लागली, जाग किती वाजता आली, जेवण गेलं का, चहा किती झाले, तंबाखू-सिगरेट-दारू किती, धडधड किंवा रडू कधी आलं आणि त्याच्या आधीच्या तासाभरात काय झालं होतं.

माझ्या वहीतल्या दोन नोंदी जशाच्या तशा देतो (व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स).

‘सोमवार. जाग ३.४०. पुन्हा झोप नाही. सकाळी व्हीसी. डबा उघडला, दोन घास खाऊन बंद केला. चहा ७. रात्री ९.३५ ला ग्रुपवर आकडे मागितले, तेव्हापासून पोटात गोळा.’

‘शनिवार, दापोली. मुलं पाण्यात. जाग ३.३०. समुद्र समोर आहे आणि मला तो बघावासा वाटत नाही.’

दुसरी नोंद डॉक्टरांनी दोनदा वाचली. कामाने आलेला थकवा सुट्टीत, कामापासून लांब गेल्यावर ढोबळमानाने उतरतो. नैराश्य मात्र सुट्टीवर सोबत येतं. पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणं आणि आवडीच्या गोष्टीतलं मन उडणं या त्याच्या ठळक खुणा आहेत. हा फरक तुमचा तुम्ही ठरवू नका. वही डॉक्टरांपुढे ठेवा.

‘बर्नआउट’ हा शब्द आता सगळेच वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात तो घेतला आहे, पण आजार म्हणून घेतलेला नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ ताण राहिला आणि तो आवरला गेला नाही की उद्भवणारी अवस्था, अशी त्याची नोंद आहे. त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काम नीट होत नाही ही भावना. म्हणून डॉक्टरांनी कागदावर ‘बर्नआउट’ न लिहिता चिंता किंवा नैराश्य असं निदान लिहिलं तर गोंधळू नका.

नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली मराठीतही आहे. गेल्या दोन आठवड्यांत काय काय जाणवलं हे विचारून प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण देतात, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर तज्ज्ञांना भेटायला हवं असा त्याचा संकेत आहे. ही चाळणी आहे, निदान नव्हे. नवव्या प्रश्नात जीव देण्याच्या विचारांबद्दल विचारलेलं असतं. तिथे शून्याखेरीज काही आलं, तर बाकीची बेरीज कितीही असो, त्याच दिवशी कोणाशी तरी बोला.

वही घरच्यांपासून लपवू नका. मी लिहायला लागल्यावर बायको म्हणाली, “अहो, तुम्ही महिन्याभरापासून झोपेत दात खाताय. मी म्हटलं सांगू की नको.” ही नोंद मला एकट्याला कधीच करता आली नसती.

३. कोणाकडे जायचं ते नीट ओळखा

इथे फार लोक फसतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. ते औषध लिहून देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) औषध देत नाहीत. ते चाचण्या आणि थेरपी करतात, साधारणपणे त्यांनी एम.फिल. केलेलं असतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. बँकेत आम्ही प्रत्येकाकडे केवायसी मागतो आणि कोणी रागावत नाही. समुपदेशकांमध्ये मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षं उत्तम काम करणारे आहेत, तसेच आठवड्याभराचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावणारेही आहेत. शिक्षण विचारा, कोणाच्या देखरेखीखाली काम केलं तेही विचारा.

झोप, भूक, काम या तिन्हींवर परिणाम झाला असेल तर सुरुवात मानसोपचारतज्ज्ञांपासून करा. थेरपीची गरज असेल तर ते पुढे पाठवतात.

खाजगी फी झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. १९९६ पासूनच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून हे काम तालुक्यापर्यंत नेण्याचा प्रयत्न चालू आहे, त्यामुळे तुमच्या भागात शिबिराचा वार कोणता ते जिल्हा रुग्णालयात विचारा. मुंबईचं केईएम, पुण्याचं ससून अशा वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही ओपीडीत दाखवून घरी परत येता येतं. ‘तिथे गेलो की आत ठेवतात’ ही भीती माझ्या वडिलांच्या तोंडून मी ऐकली आहे. ओपीडीत बहुतेक माणसं तुमच्या-माझ्यासारखी डबा घेऊन आलेली असतात. गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. दारूचा प्रश्न सोबत असेल तर पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय.

गावात तज्ज्ञ नसतील, किंवा गावात दिसण्याचीच भीती असेल, तर व्हिडिओवर भेट घेता येते. २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरवैद्यकाची नियमावली काढल्यापासून त्याला स्पष्ट आधार आहे. बंगळुरूत किंवा गुरुग्राममध्ये असाल आणि मन मराठीतच मोकळं होत असेल, तर पुण्या-मुंबईच्या थेरपिस्टशी असं बोलता येईल. रडू आल्यावर माणूस आईच्या भाषेतच बोलतो, त्यामुळे भाषेचा आग्रह धरायला संकोच करू नका.

४. पहिल्या भेटीला काय न्यायचं

– दोन आठवड्यांची वही
– जुने रिपोर्ट: ईसीजी, रक्ततपासणी, बीपी-शुगरचे कागद
– चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आयुर्वेदिक काढे-चूर्णं आणि जिमची पावडर धरून
– ओळखपत्र, सरकारी रुग्णालयात आधार कार्ड आणि असल्यास रेशन कार्ड
– ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असाल तर त्याचं कार्ड
– तुम्हाला रोज बघणारं घरचं एक माणूस
– विचारायचे प्रश्न लिहिलेली चिठ्ठी, कारण आत गेल्यावर निम्मे विसरतात

५. पहिली भेट

माझी भेट चाळीसेक मिनिटं चालली. कधीपासून, झोप कशी, भूक कशी, घरात कोणाला असा त्रास होता का, दारू किती, जीव द्यावासा वाटतो का. हे सगळं सरळ विचारतात, सरळच सांगा. मला धाकट्या मामाची आठवण झाली. ‘मामा एकलकोंडे आहेत’ एवढंच आम्ही लहानपणापासून ऐकलं होतं. डॉक्टरांनी त्याची नोंद केली तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं की मामाही आजारी असेल आणि त्याला कोणी नेलं नसेल.

औषध सुरू झालं तर हे विचारून घ्या: गोळीचं नाव काय, कधी घ्यायची, सुरुवातीला काय त्रास होऊ शकतो, गाडी चालवली तर चालेल का, एखादा डोस चुकला तर काय करायचं आणि पुढची भेट कधी. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा दिवस राहण्याचा विचार असेल तर तेही आवर्जून सांगा.

नैराश्य आणि चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा फायदा जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. मळमळ, पोट बिघडणं, अस्वस्थता हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होऊ शकतात. म्हणजे आधी त्रास आणि मग गुण. बरेच लोक याच आठवड्यात गोळी सोडतात. मीही सहाव्या दिवशी पाकीट कपाटात टाकलं होतं. बायकोने डॉक्टरांना फोन लावून दिला, त्यांनी वेळ बदलून जेवणानंतर घ्यायला सांगितली आणि तीनचार दिवसांत मळमळ गेली. अडचण आली तर फोन करा, स्वतःहून गोळी थांबवू नका. अस्वस्थता फार वाढली किंवा जीव देण्याचे विचार आले तर त्याच दिवशी कळवा.

सवय लागण्याची भीती वेगळ्या गोळ्यांबाबत खरी आहे. झोपेच्या आणि झटपट शांत करणाऱ्या काही गोळ्या लांबवल्या तर त्यांची सवय लागते, म्हणून डॉक्टर त्या थोड्याच दिवसांसाठी देतात. मेडिकलवाल्या ओळखीच्या माणसाकडून त्या परस्पर आणू नका. सहकाऱ्याने ‘मला लागू पडली’ म्हणून दिलेली अर्धी गोळीही घेऊ नका. आणि रात्री झोपेसाठी दारू घेत असाल तर ती झोप पहाटे मोडते, हे माझ्या वहीत तारखेनिशी आहे.

६. ऑफिसला किती सांगायचं

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमच्या उपचारांच्या माहितीची गोपनीयता हा तुमचा हक्क मानला आहे. डॉक्टर तुमच्या साहेबांना फोन करून काही सांगणार नाहीत. तुमचे कागद मागून घ्यायचा हक्कही तुम्हाला आहे.

रजेसाठी मात्र प्रमाणपत्र लागतं. त्यावर निदान किती तपशिलात लिहावं लागेल हे तुमच्या रजेच्या नियमांत आधी बघा आणि मगच डॉक्टरांशी बोला. मी साहेबांना एवढंच लिहिलं: ‘माझ्यावर वैद्यकीय उपचार सुरू आहेत. डॉक्टरांनी १५ दिवस विश्रांती सांगितली आहे. प्रमाणपत्र जोडले आहे. माझ्याकडील किल्ली व चार्ज कोणाकडे द्यावा, कृपया कळवावे.’ शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं होतं. चार्जचा विषय निघाला की बोलणं कामावर राहतं, तुमच्या मनावर जात नाही. हे ईमेलने पाठवा. फोनवर मागितलेली रजा मार्च एंडिंगला कोणाच्याच लक्षात राहत नाही.

पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय लागू असेल, तर आजारपणाच्या रजेत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी वर्गणीची अट पुरी व्हावी लागते आणि प्रमाणपत्र ईएसआयच्याच डॉक्टरांचं लागतं. बँकेतल्यांसाठी आणखी एक. संवेदनशील पदांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान दहा कामकाजाच्या दिवसांची मँडेटरी लीव्ह, म्हणजे सक्तीची रजा, द्यावी, आणि तीही आधी न कळवता, असे रिझर्व्ह बँकेचे २०२१ चे निर्देश आहेत. हेतू गैरव्यवहार उघडकीला यावेत हा आहे, पण त्या दिवसांत कामाच्या सिस्टिमला हात लावता येत नाही. तुम्हाला ती मिळाली तर घरून फोनवर शाखा चालवू नका.

विम्याबद्दल: वर सांगितलेल्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरलं पाहिजे. प्रत्यक्षात पुष्कळ पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, ओपीडीची फी आणि थेरपी त्यात बसत नाही. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडी कव्हर आहे का ते विचारा. नवी पॉलिसी घेताना चालू उपचार लपवू नका, पुढे क्लेम नाकारायला तेच कारण पुरतं.

ऑफिसने समुपदेशनाची सोय केली असेल तर पहिल्याच कॉलला विचारा की माझं नाव एचआरकडे जातं का. उत्तर पटलं तरच पुढे बोला.

७. परत रुजू झाल्यावर

थेरपीत मला विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीतून शिकवलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली. माझ्या डोक्यात वाक्य होतं, ‘टार्गेट झालंच पाहिजे, नाहीतर मी नालायक.’ ते कागदावर लिहून त्याची फोड करायला लावली. टार्गेट व्हावं अशी माझी तीव्र इच्छा आहे, हे खरं. झालंच पाहिजे, असा नियम कुठे लिहिला आहे? नाही झालं तर मेमो येईल, बढती लांबेल. नालायक कसा ठरेन? पहिले आठ दिवस हे पाठांतर वाटलं. नवव्या-दहाव्या वेळी व्हीसीत माझं नाव पुकारलं आणि पोटात गोळा आला नाही, तेव्हा कळलं की ते आत मुरलंय.

पण सगळा ताण विचारांतून येत नाही, आणि असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. सात माणसांच्या शाखेत चौघंच असतील तर श्वासाचे व्यायाम करून माणसं वाढत नाहीत. अशा वेळी कामांची यादी करा, कोणत्या कामाला किती तास लागतात ते लिहा आणि वरिष्ठांना लेखी विचारा: यातलं आधी कोणतं करू? मी यादी पाठवली तेव्हा तीन महिन्यांसाठी एक क्लार्क डेप्युटेशनवर मिळाला. संघटना असेल तर तिच्या पदाधिकाऱ्यांना भेटा. लैंगिक छळ होत असेल तर तो ‘स्ट्रेस’ नव्हे, त्यासाठी २०१३ चा कायदा आणि ऑफिसची अंतर्गत समिती आहे.

बाकी बदल छोटे आहेत. रात्री साडेआठनंतर ऑफिसचा ग्रुप म्यूट, आग लागली तर फोन येतो. डबा काउंटरमागे न खाता आतल्या टेबलावर, वीस मिनिटं. दुपारी तीननंतर चहा नाही.

८. फॉलो-अप आणि गोळी थांबवणं

बरं वाटायला लागलं की भेटी टाळाव्याशा वाटतात. पहिल्या खेपेच्या नैराश्यात बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायला सांगतात आणि मग हळूहळू कमी करतात. गोळी एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते आणि आजार उलटूही शकतो. बदली झाली तर मूळ चिठ्ठ्यांची फाइल सोबत ठेवा आणि निघण्याआधी डॉक्टरांकडून आतापर्यंतच्या उपचारांचा सारांश लिहून घ्या, म्हणजे नव्या गावात पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

माझी गोळी आता अर्ध्यावर आली आहे, पुढची तारीख गणपतीनंतरची आहे. वही अजून लिहितो, आठवड्यातून एकदा. गेल्या महिन्यात आमच्याकडे नव्याने लागलेला एक मुलगा स्ट्राँगरूमच्या दारात तसाच उभा दिसला, कपाळावर घाम. मी त्याचं मनगट धरलं, किल्ली फिरल्यावर त्याला बाहेर चहाच्या टपरीवर नेलं आणि शंभरपानी वही घेऊन दिली.